क्रियापद शेवटी येते

संगणकाच्या एखाद्या आज्ञावलीचे पाठ मराठीत तयार करायचे ठरले, की कामांची एक वाटणी आपोआप होऊन जाते. काय शिकवायचे, कोणत्या क्रमाने, कोणत्या उदाहरणाने, प्रत्येक स्लाइडवर काय दाखवायचे, हे संगणकाचा जाणकार ठरवतो. संहिता इंग्रजीत लिहिली जाते, पडद्यावरच्या हालचाली मुद्रित होतात, आणि सर्व काही पक्के झाल्यावर मराठीच्या माणसाला बोलावणे जाते : एवढे भाषांतर करून द्या. मराठीचा माणूसही ते काम थोडे उपकार केल्यासारखे उरकतो आणि पुन्हा आपल्या कादंबरीकडे वळतो. या वाटणीत कोणालाच काही गैर वाटत नाही. आम्हांला वाटते. ज्या पाठात भाषेला सर्वांत शेवटी बोलावले जाते तो मराठी आवाज लावलेला इंग्रजी पाठ होय, मराठी पाठ नव्हे. आणि हे सांगण्याची विद्या ज्यांच्यापाशी आहे ते मराठीचे विभागच या बाबतीत गप्प आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

प्रश्न कोणाचा आहे, ते आधी पाहू. आम्ही कडेगावसारख्या तालुक्याच्या गावी शिकवतो. टेंभूचे पाणी या भागात फिरू लागल्यापासून शिवारातला ऊस वाढला, तसे घरातले हिशेबही वाढले. उसाचे बिल खात्यावर जमा होते, दुधाचा हिशेब लिटर, फॅट आणि दर यांच्या भाषेत येतो, सातबारा संकेतस्थळावरून काढता येतो, आणि २०२१ पासून ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपवर पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः करावी अशी व्यवस्था झाली आहे. घरोघरी हे सारे हाताळण्याची वेळ बहुधा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींवर येते. शिकवणारा पाठ त्यांना समजला, तर घरचे काम घरी होते. न समजला, तर कोणाच्या तरी दुकानात पैसे मोजून दुसऱ्याच्या बोटांनी ते करून घ्यावे लागते, आणि पडद्यावर काय भरले गेले हे ज्याचे शेत त्यालाच कळत नाही. सूचनेचे एक वाक्य नीट लिहिणे किंवा न लिहिणे याचा अर्थ आमच्या भागात असा रोकडा असतो.

मराठीतून संगणक शिकवण्याचे प्रयत्नच झाले नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००१ साली महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची, म्हणजे एमकेसीएलची, स्थापना झाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणक तालुक्या-तालुक्यांत नेला. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगे उदाहरण मुंबईच्या आयआयटीतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ या प्रकल्पाचे आहे. प्रा. कण्णन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने आणि माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाद्वारे शिक्षण देण्याच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय अभियानाच्या अर्थसाहाय्याने हे काम उभे राहिले. लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथन, जावा, सायलॅब अशा मुक्त आज्ञावल्यांचे साधारण दहा दहा मिनिटांचे पाठ त्यात आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांचे निवेदन मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध आहे.

या प्रकल्पाविषयी आमच्या मनात आदर आहे, आणि तो सकारण आहे. त्यामागचा शिक्षणविचार पक्का आहे. पडद्याच्या एका बाजूला पाठ आणि दुसऱ्या बाजूला प्रत्यक्ष आज्ञावली ठेवायची, पाठात जे दिसले ते थांबून लगेच स्वतः करायचे, शिक्षक जवळ नसला तरी अडायचे नाही, असा तो विचार आहे. पाठाची आधी रूपरेषा होते, मग संहिता होते, आणि ती संहिता मुद्रणापूर्वी एखाद्या नवशिक्याकडून तपासून घेतली जाते. मराठीत किती पाठ्यपुस्तके छापण्यापूर्वी एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती देऊन ‘तुला हे कळते का?’ असे विचारले गेले असेल, याचा वाचकांनी जरूर विचार करावा. शिवाय हे पाठ मुक्त परवान्याखाली आहेत. ते घ्यावेत, बदलावेत, वाटावेत, अशी मुभा तो परवानाच देतो.

इतके मान्य केल्यावर आमचा आक्षेप कुठे सुरू होतो ते सांगतो. या प्रकल्पाच्या मूळ संहितेत दोन रकाने असतात. एका रकान्यात पडद्यावर काय दिसेल ते लिहिलेले असते, दुसऱ्यात त्या वेळी काय बोलायचे ते. दृश्य आणि निवेदन यांची अशी सांगड घालणारी ही रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. आता त्याच पाठाची मराठी वेळबद्ध संहिता उघडून पाहावी. तिथेही दोन रकाने आहेत, पण ते वेळ आणि निवेदन यांचे आहेत. दृश्याची जागा घड्याळाने घेतली आहे! हे अपरिहार्यच होते, कारण चित्रफीत तीच राहणार, स्लाइडवरचा मजकूर तोच राहणार, आज्ञावलीचा इंग्रजी पडदाही तोच राहणार; बदलायचा तो फक्त आवाज. इंग्रजी लेखकाला ‘काय दिसेल?’ हा प्रश्न होता. मराठी लेखकाला ‘किती सेकंदांत बोलून संपेल?’ एवढाच प्रश्न उरला. एकाच्या वाट्याला रचना आली, दुसऱ्याच्या वाट्याला भरणा.

यात एवढे काय बिघडले, असे कोणी विचारील. बिघाड मराठी वाक्याच्या स्वभावात शोधावा लागतो, आणि इथेच मराठीच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. इंग्रजीत आज्ञार्थी वाक्य क्रियापदाने सुरू होते. आधी कृती, मग वस्तू, मग त्या वस्तूची जागा. पडद्यावरचा बाणही त्याच लयीत हलतो. कृतीचा शब्द उच्चारला जातो आणि बाण दाबला जातो. मराठी वाक्य नेमके उलट्या दिशेने चालते : ‘खिडकीच्या माथ्यावरच्या पट्टीतल्या सेव्हच्या बटणावर क्लिक करा.’ आधी जागा, मग वस्तू, सर्वांत शेवटी कृती. आता हे वाक्य इंग्रजी लयीत मुद्रित झालेल्या चित्रावर बसवले, की ‘क्लिक करा’ हे शब्द कानी पडण्यापूर्वीच डोळ्यांसमोर बटण दाबले गेलेले असते आणि पुढची खिडकी उघडलेली असते. वाक्य जितके लांब, तितके कान आणि डोळे यांच्यातले अंतर वाढते. ऐकणारी मुलगी चित्रफीत मागे नेते, पुन्हा पाहते, आणि आपल्यालाच संगणक जमत नाही अशी समजूत करून घेते. प्रत्यक्षात तिच्या भाषेचा क्रम आणि चित्राचा क्रम यांची गाठच कोणी घालून दिलेली नसते.

आमचा दावा याच्याही पुढचा आहे. सूचनेसाठी मराठी वाक्याचा क्रम अधिक सोयीचा आहे. अनोळखी पडद्यासमोर बसलेल्या माणसाला प्रथम काय हवे असते? कुठे पाहायचे ते. मग कशाकडे पाहायचे ते. आणि सगळे सापडल्यावर काय करायचे ते. मराठी वाक्य खिडकीपासून पट्टीपर्यंत, पट्टीपासून बटणापर्यंत नजरेचे बोट धरून नेते आणि मगच हात हलवायला सांगते. तेव्हा मराठीत मुळातून रचलेल्या स्लाइड-शोत आधी संपूर्ण पडदा दिसेल, मग त्यातला एक भाग उजळेल, मग त्या भागातले एक चिन्ह मोठे होईल, आणि ‘दाबा’ हा शब्द उच्चारला जाईल त्या क्षणी ते दाबले जाईल. चित्रांचा हा क्रम वाक्यरचनेतून निघतो. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले. तेव्हापासून कर्ता, कर्म आणि क्रियापद यांची चर्चा आपण करीत आलो. तिचा रोजच्या जीवनातला इतका थेट उपयोग समोर आला असताना व्याकरण शिकवणाऱ्यांनी तो दुसऱ्याचा प्रांत समजावा, यासारखा विनोद नाही.

आणखी दोन गोष्टी पाहू. मराठीत ‘ऊन’ प्रत्ययाचे धातुसाधित आहे. कृती ज्या क्रमाने करायच्या त्याच क्रमाने ते त्या ओवत जाते : ‘मजकूर निवडून, त्याची नक्कल घेऊन, दुसऱ्या पानावर चिकटवा.’ भाषांतरित पाठांत मात्र अशी वाक्ये भेटतात : ‘फाइल जतन करण्यासाठी कंट्रोल आणि एस या कळा एकत्र दाबा, जेव्हा तुम्ही टाइप करणे पूर्ण केले असेल.’ वाक्याचा नमुना आमचा आहे, पण या घडणीची वाक्ये कोणत्याही वाचकाला अपरिचित नसावीत. शेवटची कृती आधी सांगितली, आधीची अट शेवटी आली, आणि ‘एकत्र दाबा’ म्हटल्याने नवशिका दोन्ही कळांवर एकदमच बोटे आपटतो. ‘टाइप करून झाले, की कंट्रोलची कळ दाबून धरा आणि एस दाबा.’ ‘दाबून धरा’ या दोन शब्दांत बोटांचा खरा क्रम आला. मराठीने तो फुकट दिला होता, भाषांतराने घालवला.

दुसरी गोष्ट सर्वनामाची. इंग्रजीतल्या एकाच सर्वनामासाठी मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यात ऐकणारा बाहेर राहतो, दुसऱ्यात तो आत येतो. ‘आता आम्ही नवी फाइल उघडू’ असे निवेदक म्हणाला, तर ऐकणाऱ्याने नुसते पाहत राहायचे असा त्याचा अर्थ होतो. ‘आपण उघडू’ म्हटले, की तोही माउसकडे हात नेतो. हा लेख आम्ही ‘आम्ही’ म्हणून लिहीत आहोत, कारण इथे एक बाजू मांडायची आहे आणि वाचक तिच्या विरुद्ध असू शकतो. पाठ लिहिताना मात्र ‘आम्ही’ला थारा नसावा. असे बारकावे यंत्रणेच्या कोणत्याही तपासणी-यादीत सापडायचे नाहीत. ते भाषेच्या जाणकाराकडूनच यायला हवेत, आणि रूपरेषेच्या वेळीच यायला हवेत.

परिभाषेचा प्रश्न आम्ही मुद्दाम मागे ठेवला आहे. संगणकाच्या मराठीविषयी चर्चासत्र भरले, की पहिले तीन तास ‘फाइल’ला धारिका म्हणावे की संचिका, यात जातात. कडेगावच्या विद्यार्थिनी फाइलला फाइल म्हणतात आणि क्लिकला क्लिक, आणि त्यामुळे त्यांच्या वाक्याचे मराठीपण रतिभरही कमी होत नाही. वाक्य मराठी असले, तर त्यातला एखादा परका शब्द चार दिवसांत घरचा होतो. वाक्यच परके असले, तर शंभर शुद्ध शब्दही ते तारू शकत नाहीत. ‘आपली धारिका यशस्वीरीत्या जतन केली गेली आहे’ यातला प्रत्येक शब्द आपला आहे आणि असे मराठी कोणी बोलत नाही. ‘फाइल सेव्ह झाली’ हे तीन शब्द अस्सल मराठी आहेत, कारण त्यांना ‘झाली’ने सांभाळले आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली निबंधमाला सुरू केली ती मराठी भाषेच्या तत्कालीन स्थितीवरच्या निबंधाने. दीडशे वर्षांनंतरही तो विषय संपलेला नाही. फक्त भाषांतरित पुस्तकांच्या बरोबरीने आता भाषांतरित पडदे आले आहेत.

पाठाची आखणी उदाहरणापासून सुरू होते, आणि उदाहरण निवडणे हेही साहित्याच्या अभ्यासकाचेच काम आहे. केशिराजांच्या दृष्टान्तपाठाची रचना विद्यार्थ्यांना आम्ही दर वर्षी सांगतो : सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक. आधी नेमके वचन, मग रोजच्या व्यवहारातली गोष्ट, मग त्या गोष्टीचा वचनाशी जोड. चांगल्या स्लाइड-शोची याहून नेटकी आराखडेबंदी आम्हांला माहीत नाही. लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये सूत्र कसे लिहायचे हे शिकवायचे असेल, तर सूत्र एका स्लाइडवर, दृष्टान्त म्हणून दूध संकलन केंद्राच्या दहा दिवसांच्या बिलाचा तक्ता पुढच्या चार स्लाइडांवर, आणि शेवटी त्याच रीतीने बचत गटाचे व्याज विद्यार्थ्याने स्वतः काढायचे. स्पोकन ट्युटोरियलच्या कॅल्कच्या पाठांत घरखर्चाच्या हिशेबाचे उदाहरण घेतले आहे, आणि ते चांगलेच आहे. पण ज्या घरात महिन्याचा पगार येत नाही, दहा दिवसांनी दुधाचे आणि हंगामानंतर उसाचे पैसे येतात, तिथल्या मुलीसाठी उदाहरण कोणी निवडायचे? ते निवडणारा तिच्या गावातला असायला नको काय?

यावर पहिला आक्षेप आमच्याच व्यवसायबंधूंचा असतो : हे साहित्य नव्हे. नसेल. पण हे गद्य आहे, आणि मराठी गद्याचा मोठा हिस्सा शिकवण्याच्या गरजेतूनच घडला आहे. कडेगावला लागून असलेल्या पलूस तालुक्यातच किर्लोस्करवाडी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथे १९१० साली कारखाना वसवला. लोखंडी नांगर करणाऱ्या त्या कारखान्याला १९२० साली स्वतःचे मासिक असावेसे वाटले, आणि शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केले. कारखान्याच्या मालाची आणि कामाची माहिती देण्यासाठी निघालेले ते नियतकालिक पुढे ‘किर्लोस्कर’ या नावाने मराठी वाङ्मयाच्या इतिहासात जाऊन बसले. नांगर आणि निबंध यांच्यात त्या लोकांना भिंत दिसली नाही. कमलाबाई ओगले यांच्या १९७० सालच्या ‘रुचिरा’चेही तेच. वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे धरून त्यांनी पाककृती लिहिल्या, आणि स्वयंपाकघरात पहिल्यांदा उभ्या राहिलेल्या मुलींना ते पुस्तक शिक्षक वाटले. कृती सांगणाऱ्या गद्याचे मापही वाचणाऱ्याच्या हातातले असावे लागते, हे त्या पुस्तकाने सिद्ध केले. त्याचा शैलीविचार किती मराठी विभागांत झाला?

दुसरा आक्षेप रोजगाराचा आहे. नोकरी इंग्रजी पडद्यावर करायची असते, मग इंग्रजी संज्ञाच कानी पडू द्या, असे म्हणतात. संज्ञा जरूर पडू द्याव्यात. ‘फाइल’, ‘सेव्ह’, ‘फॉर्म्युला’ आम्हीही तसेच ठेवतो. पडदा इंग्रजी ठेवूनही चित्रांचा क्रम मराठी वाक्याला धरून लावता येतो. आमची मागणी संज्ञा बदलण्याची नाही, संहितेतला दृश्याचा रकाना परत मिळण्याची आहे.

तिसरा आक्षेप नवा आहे. आता यंत्रच भाषांतर करते आणि आवाजही देते, मग माणूस हवा कशाला? यंत्र वाक्याचे भाषांतर करील, दिवसेंदिवस अधिक चांगलेही करील. परंतु आधीच मुद्रित झालेल्या हालचालींच्या क्रमावर ते वाक्य बसवायचे आहे, ही अडचण तशीच राहते. दूध बिलाचा तक्ता घ्यायचा की पगारपत्रकाचा, हा निर्णयही मूळ पाठ रचतानाच होऊन गेलेला असतो. भाषांतर स्वस्त झाले, की रचनेचे मोल वाढते. भरण्याचे काम यंत्राने घेतले असेल, तर मराठीच्या माणसाकडे रचनेचेच काम उरते, आणि ते त्याने मागून घेतले पाहिजे.

मागून घेतले पाहिजे, असे म्हणतो, कारण ते कोणी आपण होऊन देणार नाही. ‘मराठीकरणा’चे कागद तपासून देण्याची विनंती आमच्यापैकी काहींना अधूनमधून होते. अट बहुधा सारखीच असते : दोन दिवसांत हवे, चित्रे बदलता येणार नाहीत, वाक्ये मूळ लांबीपेक्षा मोठी नसावीत. अशा कागदावर शुद्धलेखन तपासून सही करणे म्हणजे भाषेची सेवा नव्हे. ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले परके वाक्य परकेच राहते.

मग करायचे काय? मोठ्या निधीची किंवा नव्या संस्थेची वाट पाहण्याचे कारण नाही. उपयोजित मराठीच्या अभ्यासपत्रिकेत वृत्तलेखन, जाहिरात आणि पत्रव्यवहार यांच्याबरोबर पाठसंहितेला जागा द्यावी. मराठीचा एक आणि संगणकाचा एक अशा विद्यार्थ्यांच्या जोड्या कराव्यात. त्या जोडीने मुक्त आज्ञावलीतले एकच काम निवडावे. संपूर्ण आज्ञावली शिकवण्याचा मोह टाळावा. गावातले उदाहरण आधी ठरवावे. मग आज्ञावली पुढ्यात घेऊन एकाने ते काम करावे आणि दुसऱ्याने त्याच्या बोटांच्या क्रमाने मराठी वाक्ये लिहावीत. प्रत्येक स्लाइडवर एकच पूर्ण क्रियापद असावे. चित्रे त्यानंतर घ्यावीत, वाक्यातल्या शब्दांच्या क्रमाने. मुद्रणापूर्वी संहिता अशा माणसाला वाचून दाखवावी ज्याने ती आज्ञावली कधी उघडलेली नाही, आणि तो जिथे थांबला तिथे दोष वाक्याचा मानावा, त्याचा नव्हे. एका सत्रात अशा दहा जोड्यांनी दहा पाठ केले, तर ते दहाच राहतील. पण ते आरंभापासून मराठीत विचार केलेले असतील, आणि मुक्त परवान्याने कोकणापासून विदर्भापर्यंत कोणालाही ते घेता येतील, आपल्या उदाहरणांनी बदलता येतील.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या निमित्ताने आपण गाथासप्तशतीपर्यंत मागे गेलो, शिलालेख मोजले, भाषेचे वय सिद्ध केले. ते योग्यच झाले. पण भाषेचे वय सिद्ध करणे आणि तिला कामाला लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीसाठी विद्वान लागतात. दुसरीसाठी एक वाक्य दहा वेळा पुन्हा लिहिण्याची तयारी लागते, आणि ते वाक्य ऐकून कोणा अनोळखी मुलीचे बोट योग्य कळेवर पडले की नाही, एवढीच त्याची समीक्षा असते. मराठीच्या विभागांनी या परीक्षेला बसावे. मराठीत क्रियापद शेवटी येते. पण मराठीने शेवटी यावे असा काही व्याकरणाचा नियम नाही.